निधिनिक्षेपासह

"चतुःसीमा म्हणजे काय गा, मनोहरराव?" नत्थूजीने पुन्हा त्यांचं वाचन थांबवलं.

मनोहरराव अर्जनवीस. रजिस्ट्री कचेरीपुढच्या चिंचेखाली त्यांनी हयातभर खरेदीखतं लिहिली, पण अंगठ्याआधी अर्थ विचारणारा माणूस आजच भेटला होता.

"चारही बाजूले कोन हाये ते लिहाचं. म्हणजे जागा पळून नाही जात."

"अन् इसार?"

"तो तं तुम्ही आगाऊ घेऊन खर्चूनबी टाकला," इंदूबाई म्हणाली. दवाखान्यातली ही आया नत्थूजीची जरीपटका वस्तीतली जागा घेत होती. भाड्याच्या खोल्या बदलून बदलून तिच्या प्रत्येक भांड्याला पोचे पडले होते.

नत्थूजी हसला. कापडाच्या गाठी आता ट्रकमधून जात होत्या, त्याची बैलबंडी मोडीत निघाली होती आणि तो मौद्याला लेकीकडे राहायला चालला होता. जाता जाता चार शब्द शिकावेत, एवढीच हौस.

मनोहरराव पुढे वाचू लागले, "...जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधिनिक्षेपासह..."

"हे शेवटचं काय?"

"जमिनीत जे पुरलं असंन, ते सारं बाईचं."

नत्थूजीने शाईचा अंगठा मागे घेतला. "मंग नाही जमत."

चहावाला कप विसळायचा थांबला. सोन्याचा हंडाच असणार! बातमी पानठेल्यापर्यंत पोचेतो एकाचे तीन हंडे झाले, आणि वर नागही येऊन बसला. इंदूबाई मात्र नत्थूजीपुढे येऊन उभी राहिली. डोक्यावरचं छप्पर हातचं निसटत होतं.

"काय पुरलं हाये तिथं?"

"पाखऱ्या. बोरीच्या झाडाखाली."

पाखऱ्या म्हणजे बैल. पण कसा! गांधीबागेच्या कापडबाजारात नत्थूजी बंडीवर घोरत पडायचा, आणि पाखऱ्या दुकानांच्या पाट्या वाचत नेमक्या दारात जाऊन थांबायचा. एका शेठने पाटी बदलली, तर पठ्ठ्या दुपारपर्यंत चौकातच उभा. खोटं वाटत असेल तर नत्थूजीला विचारा.

"म्हातारा झाला तरी बाजार नाही दाखवला त्याले," नत्थूजी म्हणाला. "आता मेल्यावर विकू काय वं, बाई?"

इंदूबाई हसली नाही. "मी त्याले हालवणार नाही. पायाबी तिथं खोदणार नाही."

नत्थूजी विचारात पडला. मग त्याचे डोळे बारीक झाले. "मनोहरराव, दुसऱ्याच्या जागेतून जायचा हक्क, असा काही शब्द हाये का गा?"

"हाये. वहिवाट."

"मंग तो लिहा."

मनोहररावांनी विहिरीसाठी वहिवाट लिहिली होती, शेतासाठी लिहिली होती. मेलेल्या बैलासाठी पहिल्यांदाच. त्यांनी इंदूबाईकडे पाहिलं.

"लिहा ना," ती म्हणाली. "दरसाल पोळ्याले."

मग अंगठा उठला.

घर झालं. बोरीकडचा कोपरा कुणी चावा घेतल्यासारखा आत गेलेला. गवंडी कुरकुरला, पण इंदूबाई बधली नाही.

पोळ्याला नत्थूजी मौद्याच्या बसमधून उतरला. फडक्यात पुरणपोळी, खांद्यावर पाखऱ्याची घुंगुरमाळ. फाटक उघडंच होतं, तरी तो बाहेर उभा.

"या ना, नत्थूजी. तिकडून कोरड्यातून या, इकडं चिखल हाये."

"नाही वं बाई. लिहिली ती वाट इकडूनच जाते."

चपला हातात घेऊन तो फाटकापासून बोरीपर्यंत चिखलातून सरळ गेला. डावी-उजवीकडे एकही पाऊल पडू दिलं नाही. तेवढीच वाट त्याची होती.