तिन्हीसांजेचा फोटो

मधुसूदनरावांचा कॅमेरा म्हणजे भानुमतीबाईंची सवत. निवृत्तीनंतर त्यांनी तो मुद्दाम छोट्या सेन्सरचा घेतला. मोठ्या कॅमेऱ्याच्या लेन्स वाहायच्या तर सोबत हमाल हवा, हे त्यांचं लाडकं वाक्य. "आतला सेन्सर करंगळीच्या नखाएवढा, म्हणून तर एवढ्याशा लेन्समधून समोरच्या गच्चीवरचा शिक्रा पक्षी अगदी डोळ्यांपर्यंत दिसतो," असं ते गारखेड्यात सकाळी फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत. त्याला शेवटी एक पुरवणी असे. "मात्र उजेड गेला की याच्यावर विश्वास ठेवायचा नाही. फोटोत रवा सांडल्यासारखे ठिपके येतात आणि ते पुसताना कॅमेरा मनचं काहीबाही रंगवतो."

नेमकी ही पुरवणीच त्या दिवशी त्यांनी गिळली.

समोरच्या इमारतीच्या गच्चीवरून टाक्यांच्या पितळी तोट्या चोरीला गेल्या. त्याच तिन्हीसांजेला मधुसूदनरावांनी तिथल्या शिक्र्याचा फोटो काढला होता. कोपऱ्यात निळं काहीतरी वाकलेलं दिसत होतं. रात्री सोसायटीच्या अध्यक्षांसकट सगळे त्यांच्या हॉलमध्ये जमले. "काका, काय नजर आहे हो तुमच्या कॅमेऱ्याची!" कुणीतरी म्हणालं आणि स्वारी हरभऱ्याच्या झाडावर चढली. फोटो मोठा करत करत ते म्हणाले, "ही तर रत्नमालाच." रत्नमाला त्या इमारतीत चार घरी धुणीभांडी करायची. कुणी तिला साधं विचारलंसुद्धा नाही. चारही दारं तिला बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या उन्हात मधुसूदनरावांनी तीच गच्ची पुन्हा टिपली. जुन्या कूलरवर निळी ताडपत्री टाकलेली होती आणि तिचं टोक खाली लोंबत होतं. आपण एका कष्टाळू बाईच्या पोटावर पाय दिला, हे त्यांना स्वच्छ कळलं. पण सांगायला जायचं तर आपलं हसं होणार, म्हणून ते घरातच बसले. चहा गार झाला. शिक्रा येऊन बसला तरी त्यांनी कॅमेरा उचलला नाही, त्यांना त्या गच्चीकडे बघवेना. भानुमतीबाईंनी दोन्ही फोटो पाहिले आणि एवढंच म्हणाल्या, "अहो, काल पुरवणी सांगायची राहिली वाटतं."

दुपारी रत्नमाला स्वतःच आली. बस म्हटलं तरी बसली नाही.

"काका, त्यो फोटू दावा मला."

त्यांनी दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली.

"ह्यात तर तोंडच नाय. मग मला वळखलं कशावरनं?"

"त्याचं काय आहे, कमी उजेडात हा कॅमेरा..."

"क्यामेऱ्याचं नाय इचारलं, काका. तुमाला इचारलं."

मधुसूदनरावांची मान खाली गेली. त्यांनी सकाळचा फोटो तिच्यापुढे धरला. "चुकलो मी. ताडपत्री होती ती. आत्ताच्या आत्ता ग्रुपवर टाकतो, सगळ्यांना कळेल."

"गुरुपवर? माझं नाव तुमी चारचौघांत घेतलं. आता चारचौघांतच सांगा, रत्नमाला नव्हती म्हून."

ते उठले. लाजेनं कानशिलं तापली होती, चपलेत अंगठा जाईना. दाराशी पोचल्यावर सवयीनं त्यांचा हात टेबलावरच्या कॅमेऱ्याकडे गेला.

"त्यो ऱ्हाऊ द्या," रत्नमाला म्हणाली. "तोंडानं सांगा."