बसणारा, एक नग

आमच्या साहेबांना हसताना पाहायचं असेल, तर दुसऱ्याची चूक त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवावी. त्या दिवशी मी तीन ठेकेदारांची दरपत्रकं ठेवली आणि तिसऱ्यावर ते इतके हसले, की चष्मा काढून पुसावा लागला.

"बाई, हे वाचलंत? 'बसणारा, एक नग.' अहो, बसणारे आपल्याकडे काय कमी आहेत, की बाहेरून भाड्याने आणायचे?"

शेजारच्या टेबलावरचा हिशेबनीस खो खो हसला. तो स्वतः सकाळपासून जागचा हलला नव्हता.

मला हसू आलं नाही. आमच्या रुग्णालयाला बाहेरचे लोक जी कामं करून देतात, त्यांचे दर तपासायचं माझं काम. माझी सही झाल्याशिवाय फाइल साहेबांच्या वर जात नाही. यंदा जमिनीखालच्या बारा पाण्याच्या टाक्या साफ करून घ्यायच्या होत्या. आजवर ठेकेदार एक ठोक आकडा द्यायचे आणि आम्ही घासाघीस करायचो. यंदा मोठ्या हौसेने मी नवा तक्ता केला: काम, माणूस, नग, दर. प्रत्येक माणूस काय करतो ते वेगळं लिहायचं. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण तिची किंमत आता दुसरंच कोणी मोजणार होतं. दोन हुशार ठेकेदारांनी 'सफाई कामगार' एवढंच लिहिलं. आमच्या जुन्या टाकीवाल्याने मात्र त्यांच्या धंद्यात म्हणतात तोच शब्द इमानेइतबारे लिहिला, आणि माझ्या रकान्यापायी जिवंत माणूस 'नग' होऊन बसला.

साहेबांनी त्या ओळीवर लाल रेघ मारली. "त्याला बोलवा. ही ओळ काढून दर कमी कर म्हणावं. नाहीतर पहिला सगळ्यात स्वस्त आहे, त्याला देऊन टाका. उद्या दुपारपर्यंत फाइल वर जायला हवी."

बसणारा म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायला नको होतं. माझे बाबा तीस वर्षं बसणारे होते. टाकीत एक उतरतो, तोंडाशी एक बसतो. आत हवा कोंडलेली असते. काही समजायच्या आत माणसाची शुद्ध जाते. म्हणून वरचा सारखी हाक मारतो, "आहेस का?" आतून "आहे" यायला हवं. नाही आलं, तर कमरेला बांधलेली दोरी ओढायची. एवढंच काम. "जन्मभर बसून खाल्लं यांनी," असं आई चारचौघांत म्हणते आणि बाबाही हसतात. काम सोडून किती वर्षं झाली, पण सवय गेली नाही. आई स्वयंपाकघरात असली, की बाहेरून दर थोड्या वेळाने हाक येते, "आहेस का?" आणि आई वैतागते, "जाते कुठे? तुमच्या नशिबाला चिकटलेय ना!"

एकदा एका ठेकेदाराने दोघांत दोन टाक्या उरकायचं ठरवलं. बाबांना वरून उठवलं आणि शेजारच्या टाकीत उतरवलं. पहिल्या टाकीत माझा काका होता, त्याला हाक मारायला वर कोणी उरलं नाही. मी तेव्हा नऊ वर्षांची होते.

संध्याकाळी टाकीवाला आला. लाल रेघ बघून त्याचा चेहरा पडला, पण लगेच म्हणाला, "काढून टाका ताई. काम हातचं जायला नको. पोरांना सांगेन, लवकर आटपा म्हणून."

"दादा, तुम्ही स्वतः कधी उतरलायत टाकीत?"

"वीस वर्षं उतरलो."

"वर कोणी असायचं?"

"होता म्हणून तर आज तुमच्यासमोर बसलोय."

"मग ती ओळ राहील. मला विचारल्याशिवाय तुम्ही कशावरही सही करू नका."

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला मी साहेबांपुढे उभी राहिले. त्यांनी बसा म्हटलं, मी बसले नाही.

"साहेब, या रेघेवर माझी सही मिळणार नाही."

"बाई, तुमच्या खुर्चीवर मी दुसऱ्या कोणालाही आणू शकतो."

"आणा. पण त्याआधी स्वस्तवाल्याला मी एक प्रश्न विचारते. उत्तर तुम्हाला पटलं, तर त्याच्या दरावर सही करून मीच खुर्ची सोडते."

हटायचं नाही हे रात्रीच ठरलं होतं. साहेबांनी 'विचारा' म्हणून हात हलवला. मी फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

"तुमचा माणूस टाकीत उतरला आणि आत बेशुद्ध पडला, तर तुम्हाला कळणार कसं?"

"त्याची काळजी नको बाई," पलीकडून अगदी गोड आवाज आला. "संध्याकाळी आम्ही हजेरी घेतो ना!"

हिशेबनीसाचं पेन थांबलं. साहेबांनी स्वतः हात पुढे करून फोन बंद केला. मग दरपत्रक पुढे ओढून त्यांनी त्या लाल रेघेवर बोट ठेवलं.

"वरच्यांना काय सांगू?" ते म्हणाले. आवाज उतरला होता. "तेही हसतील. दुसरं काही नाव नाही का याला?"

"नाव हेच आहे. अर्थ मी लिहून देते."

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं: 'बसणारा: टाकीच्या तोंडाशी बसून आतल्या माणसाला सतत हाक मारणारा, उत्तर न आल्यास त्याला दोरीने ओढून काढणारा. त्याला दुसरे कोणतेही काम देऊ नये. तिन्ही ठेकेदारांना बंधनकारक.' मग 'नग' खोडून 'माणूस' केलं आणि सही केली. साहेबांनी दोनदा वाचलं आणि खाली त्यांचीही सही केली. बाकी दोघांच्या आकड्यांत बसणाऱ्याचा दर मिळवल्यावर आता जुना टाकीवालाच सगळ्यात स्वस्त ठरत होता. दुपारी फाइल वर गेली आणि चार वाजता मंजूर होऊन परत आली. कोणी हसल्याचं ऐकिवात नाही.

घरी आले तेव्हा बाबा खिडकीपाशी त्यांच्या खुर्चीत होते. मी सगळं सांगितलं. ते मान खाली घालून ऐकत होते.

"कागदावर लिहिलंस? बसणारा म्हणून?"

"बसणारा म्हणूनच. त्याला उठवायचं नाही, असंही लिहिलं."

त्यांनी मान हलवली आणि बाहेर बघत राहिले. मी हातपाय धुतले, कपडे बदलले, तरी ते तसेच. आत भांड्यांचा आवाज होत होता. बाहेरून एकही हाक गेली नव्हती. मग भांडी थांबली.

"अहो," आतून आईचा आवाज आला. इतक्या वर्षांत तिने हे कधी विचारलं नव्हतं. "आहात ना?"

बाबांनी डोळे पुसले.

"आहे," ते म्हणाले.