रेक्झिनची केळ

मित्रांनो, मी एक जुनी केळ आहे. माझं खोड म्हणजे पाण्याचा जाड पाइप, पानं हिरव्या रेक्झिनची आणि घड कागदाच्या लगद्याचा. जळगावातल्या सरकारी टीव्हीच्या एका लहानशा केंद्रात 'शिवारफेरी' नावाचा शेतीचा कार्यक्रम होतो. त्यात पाहुण्यांच्या खुर्चीमागे मी वर्षानुवर्षं उभी राहिले. जळगावात, बरं का! जिथे शहराबाहेर पाऊल टाकलं की दोन्ही बाजूंना केळीच केळी, तिथल्या टीव्हीवाल्यांना खोटी केळ लागली. तुम्हाला हसू येत असेल. पूर्वी मलाही यायचं. आता नुसता संताप येतो, आणि तो का येतो तेच सांगते. बसायची सोय नाही, तेव्हा उभ्यानेच सांगते.

आधी खरी केळ आणली होती. पण स्टुडिओतल्या दिव्यांखाली ती दुपारपर्यंत मान टाकायची. मग खोटी करून घ्यायचं ठरलं आणि काम आलं नासीरभाईंकडे. ते रिक्षाच्या सीटची कव्हरं शिवत. त्यांनी मला जीव लावून शिवलं. पानांच्या कडा त्यांनी मुद्दाम फाडल्या, कारण वाऱ्याने केळीची पानं फाटतातच. त्यांची बायको जैनब करवादायची, "घर की गादी फटी पडी है, और तुम झाड सीने बैठे!" नासीरभाई हसायचे आणि पुन्हा सुईत दोरा ओवायचे.

ते दिवस माझ्या मानाचे होते. हेमलताताई कार्यक्रमाच्या निर्मात्या आणि निवेदिकाही त्याच. सकाळी त्या कॅमेरा घेऊन कुणाच्या तरी शेतात जायच्या आणि संध्याकाळी ते शेत पडद्यावर असायचं. कुणाच्या कपाशीवर अळी पडली, तर तिच्यावरचा उपाय त्याच आठवड्यात घरोघर पोचायचा. पत्रांची पोती यायची. कार्यक्रमाला आलेला प्रत्येक शेतकरी खुर्चीत बसण्याआधी माझं पान चिमटीत धरून बघायचा आणि गालातल्या गालात हसायचा. 'टीव्हीवर सांगितलंय' म्हटलं की गावात पुढे वाद नसायचा.

मग दुसऱ्या वाहिन्या आल्या, मोबाईल आले. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती घरच्यांबद्दल. केंद्रातला एकेक माणूस निवृत्त झाला आणि त्याची खुर्ची रिकामीच राहिली. शेवटी स्टुडिओ महिन्यातून एकदा उघडायचा आणि महिन्याभराचे सगळे भाग त्याच दिवशी उरकायचे, असा नियम झाला. हेमलताताई पिशवीत साड्या भरून आणायच्या. एक भाग झाला की साडी बदलायची, पाहुण्याने टोपी बदलायची, आणि लगेच पुढच्या बुधवारचा 'नमस्कार' करायचा. बघणाऱ्याला वाटायचं, ताई दर आठवड्याला येतात. कसलं काय! भर उन्हाळ्यात बसून पेरणीचं बोलणं चालायचं. कपडे न बदलणारी तिथे एकटी मीच होते.

गेल्या श्रावणातली गोष्ट. भडगावकडचे तोतारामआबा पाहुणे म्हणून आले होते. त्यांनी पिशवीतून केळीचं एक पान काढलं. त्यावर पिवळे पट्टे होते. समोर केळीचे तज्ज्ञ बसले होते. पान बघताच त्यांचा चेहरा उतरला.

"हा हरण्या रोग आहे, आबा. रोगट झाडं मुळासकट उपटा आणि पुरून टाका. आजच. मावा बसला की तो हा रोग शेजारच्या झाडावर नेतो. उशीर केलात तर अख्खं शिवार जाईल."

कॅमेरा थांबल्यावर आबा ताईंना म्हणाले, "मी ते उपटी टाकसू. पन गावमा मन्हं कोन ऐकस, ताई? तुम्ही टीव्हीवर दखाडा, मंग बठ्ठा लोके ऐकतीन."

ताईंनी शब्द दिला. "या बुधवारीच दाखवते, आबा. गावाला बघायला सांगा."

ताई तडक केंद्राच्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. खोलीचं दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू येत होतं.

"मॅडम, रांगेत आधी कुंडीतल्या गुलाबाचा भाग आहे," साहेब म्हणाले.

"साहेब, गुलाब थांबेल. रोग थांबणार नाही."

"असं मधेच घुसवता येत नाही हो. वर विचारावं लागतं."

वर विचारलं. वरून परवानगी आली, पण त्या एका बुधवारपुरती. ताईंना केवढा आनंद झाला! त्यांनी आबांना फोन करून पुन्हा बजावलं.

बुधवार उजाडला. संध्याकाळी दिल्लीहून एका सोहळ्याचं थेट प्रक्षेपण चालू होतं. ते लांबलं. एका पाहुण्यानंतर दुसऱ्याचं भाषण, मग सत्कार, मग आभार. आमचा अर्धा तास त्यात गेला. ताई घड्याळाकडे बघत उभ्या होत्या आणि मी ताईंकडे. मला इतकी चीड आली होती, की पाय असते तर त्या सोहळ्यात जाऊन माइक हिसकावला असता!

पुढच्या बुधवारी? पुढच्या बुधवारी गुलाब. परवानगी मागच्या बुधवारची होती ना! ताईंनी पुन्हा अर्ज केला, पुन्हा फोन केले. त्यानंतरच्या बुधवारी गणपतीचा विशेष कार्यक्रम. भाग दाखवला तेव्हा श्रावण सरून भादवा अर्धा झाला होता. खाली लाल पट्टी फिरत होती, 'तातडीचा सल्ला'. कपाळ माझं!

साहेबांना मात्र नवीन कल्पना सुचली. तोतारामआबांनी रोगट झाडं वेळेवर उपटली, तेव्हा त्यांची यशोगाथा करायची. आबांना निरोप गेला. ते आले, निमूट खुर्चीत बसले. कॅमेरावाल्या जगदीशने त्यांच्या सदऱ्याला माइक लावला आणि कॅमेरा सुरू केला.

ताईंनी विचारलं, "आबा, सल्ल्याचा फायदा झाला का?"

आबांनी ताईंकडे बघितलं नाही. मागे वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझं पान चिमटीत धरलं.

"आम्हना शिवारमा बठ्ठी केय पिवयी पडनी, ताई. हाई एकच हिरवी ऱ्हायनी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. त्यांनी आपली रोगट झाडं त्याच दिवशी उपटली होती आणि गावालाही सांगितलं होतं. लोक म्हणाले, ताईंनी कबूल केलंय ना, मग टीव्हीवर येऊ दे, तज्ज्ञांच्या तोंडून ऐकू आणि मग उपटू. बुधवारी सगळे टीव्हीसमोर जमले. त्यांना सोहळा दिसला. पुढच्या बुधवारी गुलाब दिसला. तोवर मावा बांध ओलांडून आबांच्या उरलेल्या बागेतही पोचला होता.

ताई म्हणाल्या, "आबा, चुकलं माझं. मी तुम्हाला शब्द दिला होता."

"तुम्हना शब्द व्हता, म्हनीसनच गावना लोके वाट दखत थांबनात ना, ताई."

आबांच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. जगदीशने न विचारताच कॅमेरा बंद केला.

ती यशोगाथा कुठेच दाखवली गेली नाही. ताईंनी त्याच दिवशी मला सेटवरून काढायला लावलं आणि कधी नव्हे ते साहेबांना स्पष्ट सांगितलं, "यापुढे मी शेतातूनच बोलेन, आणि त्याच दिवशी दाखवणार असाल तरच बोलेन." साहेबांनी ते वर कळवलं आहे. उत्तर आलेलं नाही. तोवर बुधवारी जुने भाग पुन्हा लावतात. त्यात मी असते. हिरवीगार, टवटवीत. एक पान म्हणून पिवळं नाही. मला माझीच लाज वाटते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ झटका म्हणून मी तुम्हाला विनवत नाही. रेक्झिनला धुळीने काही होत नाही. पण ज्याच्या शब्दावर माणसं हातातलं काम थांबवतात, त्याने वेळेवर बोललं पाहिजे, आणि तो बोलत नसेल तर तुम्ही त्याला बोलायला लावलं पाहिजे. हा टीव्ही सरकारी म्हणजे तुमचाच आहे. बुधवारी संध्याकाळी मी पडद्यावर दिसले, तर केंद्रात फोन करा आणि विचारा, "हा भाग कधीचा आहे? आजचं कधी सांगणार?"

नंबर पडद्यावर खाली येतो. फोन चालू आहे. मला आता त्याच्याच शेजारी, केंद्रातल्या बोळात उभं केलं आहे. मी इथे आल्यापासून तो एकदाही वाजलेला नाही.