भीमरावांच्या अर्जाविरुद्ध उभा राहिलेला कोट

मी एका वकिलाचा काळा कोट बोलतोय. काळा म्हणायचं ते आपलं सवयीनं. खांद्यांवर आता तपकिरी झाक आलीय आणि डावा खिसा कागदांच्या ओझ्यानं लोंबलाय. तरी मला कोणी म्हातारा म्हटलेलं खपत नाही.

माझा जन्म विठ्ठलवाडीचा. तिथल्या बबन टेलरनं उल्हासनगरच्या बाजारातून कापड आणलं, माझ्या मालकांचं, म्हणजे विष्णुपंतांचं माप घेतलं आणि म्हणाला, "साहेब, पोटाकडं मार्जिन सोडलंय. प्रॅक्टिस वाढणार तुमची." विष्णुपंत हसले. पुढं प्रॅक्टिसही वाढली आणि ते मार्जिनही उसवावं लागलं.

बदलापूरचं घर ते उल्हासनगरचं कोर्ट, हा माझा रोजचा प्रवास. मला माणसांची एक गंमत वाटायची. घरी जेवताना मीठ मागायचं तरी बायकोच्या तोंडाकडे बघणारे विष्णुपंत, मला अंगात चढवलं की असे काही कडाडायचे, की समोरच्या साक्षीदाराला घाम फुटायचा. मला वाटायचं, ही सगळी माझीच किमया. मी फार तोऱ्यात असायचो.

मग भीमरावांचा दावा आला.

भीमराव अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर होते. कारखान्याच्या मालकानं त्यांच्यावर तांब्याची तार चोरल्याची फिर्याद केली. सव्वा वर्ष त्यांनी तुरुंगात काढलं. शेवटी तार गोदामातच निघाली आणि ते निर्दोष सुटले. सुटल्यावर त्यांनी मालकावर नुकसानभरपाईचा दिवाणी दावा लावला. मालकाचे वकील विष्णुपंत. तेव्हा मीही मालकाच्याच बाजूनं, मला कोण विचारतंय!

दाव्यात भीमरावांनी फक्त बुडालेला पगार लिहिला होता. २००६ साली, साक्षी सुरू झाल्यावर, त्यांच्या वकिलानं, नरेंद्रनं, दाव्यात दुरुस्ती करू द्या असा अर्ज दिला. भीमराव तुरुंगात असताना त्यांच्या मुलीचं, यशोधराचं, ठरलेलं लग्न मोडलं होतं. साखरपुडा झाला होता. 'चोराची मुलगी नको' म्हणून शहाडच्या त्या मंडळींनी विहिणीला दिलेली साडी परत पाठवली. हेही आमचं नुकसानच आहे, ते दाव्यात लिहू द्या, एवढंच मागणं. पण साक्षी सुरू झाल्यावर दुरुस्ती मागितली की कोर्ट कारण विचारतंच, मग आधी का लिहिलं नाही? तर अर्जात होतं, 'नजरचुकीने राहून गेले.'

हे शब्द मी कितीतरी अर्जांत ऐकलेत. दुरुस्तीचा अर्ज म्हटला की वकील ते लिहिणारच, लग्नपत्रिकेवर गणपती असतो तसे. विष्णुपंतांनी स्वतः कितीदा लिहिलेत. नरेंद्रनंही हाताला सवय होती म्हणून लिहिले, आणि भीमरावांनी वकिलावर विश्वास ठेवून सही केली.

विष्णुपंतांनी अर्ज वाचून चष्मा काढला. यशोधराचं लग्न नुकतंच झालंय, हे मालकाच्या माणसाकडून त्यांना कळलेलं होतं. टायपिस्ट प्रगतीला ते म्हणाले, "नजरचूक कसली? पोरगी लग्नाची असताना कोण बाप तिचं नाव कोर्टाच्या कागदावर घालेल? आता ती सासरी गेली, म्हणून अर्ज आला."

"मग सर, आपण कशाला विरोध करायचा?"

"अगं, खरं कारण लिहायचं काम त्यांच्या वकिलाचं. आपण त्यांची केस लढायची का? घे टाइप करायला. वादीला सर्व माहिती होती. वादीने ती मुद्दाम दडवून ठेवली. सबब अर्ज नामंजूर करावा."

'मुद्दाम' म्हणताना त्यांनी माझं मधलं बटण उगाच पिरगळलं. त्यांना ते बोलवत नव्हतं, हे मला कळलं. पण बोलले.

सुनावणीला मी इस्त्री करून हजर होतो. विष्णुपंत उभे राहिले. "साहेब, मुलीचं मोडलेलं लग्न कुठला बाप नजरचुकीनं विसरतो? एक तर हे घडलंच नाही, नाहीतर यांनी लपवलं."

कोणीतरी खुदकन हसलं. मागच्या बाकावरून यशोधरा उठली. "घडलंय साहेब. बाबा माझ्यासाठी गप्प बसले. माझं लग्न होईपर्यंत नाव नको यायला म्हणून. आता माझ्या सासरचे पण बोलले, लिहा म्हणून. अर्जात काय टाकायचं असतं, आम्हाला काय माहीत?"

"तुमच्या वकिलांमार्फत बोला," न्यायाधीश म्हणाले. आवाज कठोर नव्हता. त्यांनी नरेंद्रला विचारलं, "हे कारण अर्जात आहे?"

नरेंद्रनं मान खाली घातली. "नाही, साहेब."

अर्ज नामंजूर झाला.

पुढच्या तारखेला भीमरावांची साक्ष झाली. पांढरा शर्ट, पायात धुतलेल्या चपला, हात मागे बांधलेले. तुरुंगातली सवय असेल. नरेंद्रनं विचारलं, "पगाराशिवाय तुमचं आणखी काय नुकसान झालं?"

विष्णुपंत तटकन उठले. "हे दाव्यात नाही, साहेब."

न्यायाधीशांनी होकारार्थी मान हलवली. भीमरावांनी एकदा लेकीकडे पाहिलं. मग म्हणाले, "बरोबर आहे, साहेब. पगारच गेला. बाकी काही गेलं नाही."

विष्णुपंतांच्या पाठीला घाम सुटला आणि मी आतून भिजलो. उलटतपासाला त्यांनी नुसतं, "मला काही विचारायचं नाही," म्हटलं. त्या दिवशी मी खुंटीवर राहिलो असतो तर बरं झालं असतं, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

निकालात भीमरावांना पगार तेवढा मिळाला. "स्वस्तात सुटलो, वकीलसाहेब!" म्हणत कारखान्याचा मालक पेढे घेऊन आला. विष्णुपंतांनी पुडा प्रगतीकडे सरकवला आणि मला काढून खुर्चीच्या पाठीवर टाकलं.

हळूहळू त्यांनी कोर्टात जाणं कमी केलं. आता मी बदलापूरच्या घरात, आतल्या खोलीच्या दारामागे टांगलेला असतो. खिशात दोन डांबरगोळ्या. परवा त्यांची मुलगी पद्मजा, नुकतीच वकील झालेली, मला घालून आरशापुढे उभी राहिली.

"बाबा, बाह्या आखूड केल्या की मला मस्त बसेल."

"हा नको. नवा शिवून घे."

"का? एवढा चांगला तर आहे."

विष्णुपंतांनी पेपर तोंडापुढे धरला. ते सांगणार नाहीत, म्हणून मी सांगतो.

पोरी, हवं तर घाल मला. विरोध करावा लागला तर कर, ते कामच आहे तुझं. पण समोरचा माणूस का गप्प बसला हे तुला ठाऊक असेल, तर त्याला लबाड म्हणू नकोस. 'बाकी काही गेलं नाही,' असं भीमराव शपथेवर म्हणाले. अख्ख्या खटल्यात स्वतःच्या तोंडानं तेवढं एकच खोटं ते बोलले, आणि ते आम्ही त्यांना बोलायला लावलं.