आठ दिवसांचा रेकॉर्डर

दुकानदाराने काउंटरवर सीसीटीव्ही रेकॉर्डरची तीन खोकी ओळीने मांडली तेव्हाच दीक्षाच्या डोक्यात तिडीक गेली. तिसरं खोकं सगळ्यात मोठं, त्यावर एका हसऱ्या बाईच्या चेहऱ्याभोवती निळी चौकट काढलेली, आणि राजेंद्रदादाचा हात आधीच त्या खोक्यावर जाऊन बसलेला.

"हाच घ्यायचा," राजेंद्रदादा म्हणाला. "सोळा चॅनेल. माणसाचा चेहरा ओळखतो. टॉपचं मॉडेल आहे, मी मुंबईत चौकशी करूनच आलोय."

"आपल्याकडे कॅमेरे चार आहेत," दीक्षा म्हणाली.

"पुढे वाढतील की."

पुढे वाढतील म्हणे! पूर्णगडच्या अलीकडची त्यांची बौद्धवाडी. घरं सव्वीस, त्यातली अकरा कुलूपबंद. विहाराच्या चार कोपऱ्यांना चार कॅमेरे लावून झाले, आता पाचवा काय पायरीखाली पुरणार? आणि चेहरे ओळखायला वाडीत असतं कोण? म्हाताऱ्या बायका, चार शाळकरी पोरं आणि बाबल्याची बकरी. पण राजेंद्रदादा मुंबई मंडळाचा सेक्रेटरी, आणि मुंबई मंडळापुढे गावच्या मंडळाने बोलायचं नाही ही जुनी रीत. विहाराचा नळ गळायला लागला तरी वॉशर बदलायचा ठराव मुंबईत व्हायचा, महिन्याच्या चौथ्या रविवारी. तोवर खाली बादली ठेवायची.

ह्याच रितीने दीक्षाच्या आईचं वाटोळं केलं होतं.

आई म्हणजे सुंदराबाई. नवरा गेल्यापासून, म्हणजे बावीस वर्षं, विहाराची चावी तिच्याकडे. सकाळी उघडायचं, झाडायचं, फुलं वाहायची, मेणबत्ती लावायची. ह्याचा मोबदला तिने कधी मागितला नाही आणि कुणाला तो द्यायचं सुचलंही नाही. सात फेब्रुवारीला रमाई जयंती झाली. नवं घेतलेलं लाऊडस्पीकरचं मशीन त्या दिवशी पहिल्यांदा वाजलं. नऊ तारखेला, रविवारी सकाळी साडेसहाला सुंदराबाईने दार उघडलं तर मशीन जागेवर नाही. कुलूप शाबूत, कडी शाबूत. तिने तिथूनच राजेंद्रला फोन लावला. आठ वाजता त्याचा उलटा फोन आला, "काकी, रेकॉर्डरला कुणी हात लावू नका. काय बघायचं ते मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर बघू."

आणि ह्या शहाण्यांनी खरंच हात लावला नाही. पासवर्ड मुंबईला, मीटिंग तेवीस तारखेला. पंधरा घरांतली माणसं पंधरा दिवस हातावर हात ठेवून बसली. रेकॉर्डर तर आठ दिवसांचं धरून ठेवणारा, मागचं पुसून पुढचं लिहिणारा. तेवीसला राजेंद्रदादा गावी आला, सगळ्यांसमोर पासवर्ड घातला, आणि पडद्यावर पंधरा तारखेपासून पुढचं दिसलं. रिकामं विहार. झाडू मारणारी सुंदराबाई. पुन्हा रिकामं विहार. मग ठराव झाला की मशीनचा पत्ता लागेपर्यंत चावी वाडीतल्या तुळसाच्या घरी राहील, आणि ह्यापुढे असं होऊ नये म्हणून राजेंद्र स्वतःतर्फे एक उंची रेकॉर्डर दान देईल. टाळ्या वाजल्या.

सुंदराबाईला कुणी चोर म्हटलं नाही. म्हटलं असतं तर बरं झालं असतं. दीक्षाने एकेकाची गचांडी धरली असती. नुसतं बायकांनी तिला पाण्याच्या टाकीवर पुढे जाऊ द्यायला सुरुवात केली, "जा गो, तू भर आधी," म्हणत. म्हणजे तिच्या शेजारी उभं राहायला नको. महिना होत आला होता. म्हातारीने एक अक्षर काढलं नव्हतं. दीक्षा रत्नागिरीच्या कॉलेजात ऑफिसात क्लार्क. येता-जाता एसटीत खिडकीला डोकं टेकून ती मनातल्या मनात सगळ्या वाडीशी भांडायची. रेकॉर्डर निवडायला कॉम्प्युटर कळणारं कुणीतरी हवं असं निघालं तेव्हा ती आपण होऊन म्हणाली, मी जाते. जुना रेकॉर्डर नव्याच्या बदल्यात द्यायचा म्हणून पिशवीत घालून तिनेच सकाळच्या गाडीने आणला होता.

"किती दिवसांचं राहतं?" तिने दुकानदाराला विचारलं. मारुती मंदिराजवळचं त्याचं दुकान लहानसं. त्याचं नाव रितेश, चाळिशीचा, बोलायला गोड.

"हार्डडिस्क केवढी टाकाल त्यावर आहे, ताई. चार कॅमेऱ्यांना ह्या पहिल्यात पंचेचाळीस दिवस बसतील. मोठ्यात मग काय, वर्षभरही ठेवा."

"बघ," राजेंद्रदादा म्हणाला. "वर्षभर! आणि मोबाईलवर चित्र एकदम स्वच्छ. मला तिकडे नालासोपाऱ्यात बसून विहारातली मुंगी दिसली पाहिजे."

"तुम्हाला मुंगी दिसून आमच्या काय कामाचं? पासवर्ड गावात कुणाकडे राहणार?"

"पासवर्ड असा वाटायचा नसतो, दीक्षा. सिस्टीम असते."

"सिस्टीमने काय दिवे लावले ते बघितलं आम्ही."

राजेंद्रदादा हसला. तिच्या आईला काकी म्हणणारा, तिच्याहून अठरा वर्षांनी मोठा चुलतभाऊ; तिच्या शाळेच्या फीला एकदा ह्यानेच हातभार लावलेला. "तुझा राग मी समजू शकतो," तो म्हणाला. "म्हणून तर सगळ्यात भारी देतोय. काकीवर पुन्हा अशी वेळ यायला नको." आणि मग दुकानदाराकडे वळून, "वर एक छोटी पाटी लावून मिळेल ना? देणगीदार म्हणून?"

रितेशने मान डोलवली. त्याला मोठं खोकं खपताना दिसत होतं आणि दीक्षाचा चेहरा आडवा येत होता, म्हणून त्याने आपली ठेवणीतली गोष्ट काढली.

"ताई, तुमचं म्हणणं पासवर्डचं आहे ना? मग मोठ्यात एक चांगली सोय आहे. रेकॉर्डर कोणी उघडला, कधी उघडला, कुठल्या दिवसाचं बघितलं, सगळ्याची नोंद राहते. तुमच्या जुन्यातही आहे, पण थोडी. थांबा, दाखवतो. नाहीतरी बदल्यात घ्यायचा तर चालू करून बघावाच लागेल." त्याने जुन्या रेकॉर्डरला वायरी जोडल्या, पडदा लावला. "साहेब, पासवर्ड?"

राजेंद्रदादाने माउस हातात घेऊन ऐटीत पासवर्ड घातला. मंडळाचा सेक्रेटरी होता तो, दुसरा कोण घालणार?

"हे बघा. चित्रं पुसली जातात, पण ही नोंद वेगळी असते, ती दोन-तीन महिने राहते." रितेशने एक यादी उघडली आणि माउस खाली-खाली नेला. "तेवीस फेब्रुवारी, दुपारी, जागेवरूनच उघडलंय. ती तुमची मीटिंग असेल. त्याच्या आधी... नऊ फेब्रुवारी, सकाळी सात बारा. हे मोबाईलवरून. आठ तारखेचं रेकॉर्डिंग बघितलंय. सात छप्पन्नपर्यंत चाललंय."

तो आणखी बरंच काही बोलत होता. दीक्षाला त्यातलं काही ऐकू आलं नाही. नऊ फेब्रुवारी. साडेसहाला आईचा फोन. आठ वाजता ह्याचा उलटा फोन.

"परत वाचा," ती म्हणाली.

रितेशने परत वाचलं. वाचता वाचता त्याचा आवाज बारीक झाला, कारण राजेंद्रदादाने माउस सोडला होता आणि तो रुमाल शोधत होता.

"दादा, पासवर्ड तुमच्याकडेच होता ना?"

"अगं, तेव्हा नेट नव्हतं नीट. काही दिसलंच नाही. नुसतं गोल गोल फिरत होतं."

"चव्वेचाळीस मिनिटं?"

राजेंद्रदादाने रितेशकडे बघितलं. रितेश खोक्यावरची धूळ पुसायला लागला.

"काय दिसलं?" दीक्षाचा आवाज इतका चढला की बाहेर रिक्षात बसलेल्या माणसाने मान वळवली. "मी विचारते काय दिसलं? माझी आई दिसली मशीन नेताना?"

"नाही. काकी नाही. बाहेर चल, बोलू."

"इथेच बोल!" ती त्याला आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरे करत होती. "महिनाभर माझी आई मान खाली घालून पाणी भरते. इथेच बोल."

मग ते आलं. मुंबईत बोलतो ती भाषा त्याच्या तोंडून गळून पडली आणि वाडीतली बाहेर आली. "माजा सुजय व्हता गो. मित्र घेऊन गणपतीपुळ्याला आला व्हता, मला पण सांगितलान नाय. विहाराची दुसरी चावी आमच्या वाडीतल्या बंद घरात असते, ती घेऊन आला. शनवारी दुपारी मशीन काढलान. रात्री आणून ठेवनार व्हता. तिकडं दर्यावर नाचले, खारा पानी गेला मशीनीत, जळली ती. पोराची कॅम्पसमदनं नोकरी ठरत व्हती गो, त्याच टायमाला. नाव खराब झाला असता."

"आणि माझ्या आईचं?"

"काकीला कोन काय बोललाय? मी एक तरी शबूद बोललो काय? आनी मी भरून देतोय ना! मशीन पन देतो नवीन, हा रेकॉर्डर पन देतो. घरातली गोष्ट हाय, घरात मिटवू."

दीक्षाला त्याच्या थोबाडीत ठेवून द्यावीशी वाटली. त्याने दाबून टाकलेल्या गोष्टीवर तो आपल्या नावाची पाटी लावून घ्यायला निघाला होता, आणि वर टाळ्याही घेऊन झाल्या होत्या! विहारात, बुद्धासमोर बसून त्याने तो ठराव वाचला होता. काकीच्या हातातून चावी घेताना "मनाला लावून घेऊ नका" म्हणाला होता. तिने पर्समधून मोबाईल काढला आणि पडद्यावरच्या त्या ओळीचे चार फोटो काढले.

"हा पहिला द्या," ती रितेशला म्हणाली. "पंचेचाळीस दिवसांचा, चार चॅनेलचा. बाजूला काढून ठेवा. मंडळ ठरवील आणि मंडळ घेऊन जाईल. पाटी नको."

"आणि जुना?" रितेशने विचारलं.

"जुना मी परत नेते."

दुपारच्या एसटीत तो रेकॉर्डर मांडीवर घेऊन ती बसली. राजेंद्रदादा त्याच गाडीत चार सीट मागे होता. तिने एकदाही मागे बघितलं नाही. आता बघते एकेकीला. टाकीवर आईला पुढे जाऊ देणाऱ्यांना. ठरावाला हात वर करणाऱ्यांना. बाबल्याला, तुळसाला, सगळ्यांना. पूर्णगडच्या फाट्यापर्यंत तिचं भाषण पाठ झालं होतं.

सुंदराबाई खळ्यात कुळीथ झोडत होती. दीक्षाने चपला काढायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. सुजयचं, दुसऱ्या चावीचं, सात बाराचं, चव्वेचाळीस मिनिटांचं. फोटो काढून तिच्या नाकासमोर धरला. तिला वाटलं होतं आई रडेल. निदान खाली बसेल.

सुंदराबाईने काठी थांबवली. फोटोकडे बघितलं नाही.

"आनी हा फोटो गावला नसता तर?"

"म्हणजे?"

"वाडीतल्या कुनी मला तोंडावर इचारलंन नाय. एकानं पन नाय. तू इचारलंस." म्हातारीचा आवाज महिनाभराने उंच झाला होता, आणि तो लेकीवर होता. "मीटिंग झाली त्या सांजचा. भाकरी वाडत व्हते मी. म्हनालीस, आये, खरं सांग, कुनाला दिलंस तर नाय ना? खरं सांग म्हनालीस मला."

दीक्षाला आठवलं. म्हटलं होतं तिने तसं. आई भोळी आहे, कुणी मागितलं तर देऊन बसेल, म्हणून विचारलं होतं. विचारून झाल्यावर हात धुऊन झोपायला गेली होती. दुसऱ्या दिवसापासून वाडीवर चिडायला सुरुवात केली होती.

"आये, मी तशा अर्थाने नाही..."

"मंग कशा अर्थानं? बाकीच्यांचं मी गिळलं. परकी ती. तुजं गिळवलं नाय मला. ह्या हातानं पेज पाजली तुला, आनी तू मला खरं सांग म्हनालीस!" तिने काठी कुळथावर अशी हाणली की शेंगा उडून अंगणाच्या दगडी गडग्याला लागल्या. "आज सांजच्याला मीटिंग घे. राजेंद्राला पुडं बसव. त्याच्या बाजूला तू बस. मला दोगांना इचारायचं हाय."

सहा वाजता विहारात सगळी वाडी जमली. त्रिसरण झालं. राजेंद्रदादा मान खाली घालून पुढे बसला होता, सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर होत्या, बातमी त्याच्या आधी पोचली होती. तुळसाने बायकांच्या रांगेत दीक्षासाठी जागा केली आणि तिला खुणेने बोलावलं. दीक्षा तिथे गेली नाही. ती पुढे जाऊन राजेंद्रदादाच्या शेजारी सतरंजीवर बसली, तेव्हा बायकांत कुजबुज झाली.

सुंदराबाई उभी राहिली, पदर खोचला, आणि पहिला प्रश्न तिने पोरीला विचारला.