गार रेडिओ

देवाशपथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी कवळी वरणात पडो!

दोन हजार सहा साल. हॉलंडात आइंडहोवनच्या शेजारी बेस्ट गाव आहे, तिथं शैलेंद्रच्या घरी रविवारी संध्याकाळी ही गर्दी! बाहेर सायकली एकमेकींच्या अंगावर पडलेल्या, दारात चपलांचा ढीग. समोर पाटावर जुना लाकडी रेडिओ, त्याला हार. शेजारी रेशमी झब्ब्यातले नादयोगी प्रतापजी, गेलेल्या माणसांचे आवाज ऐकवणारे.

"ध्वनी मरत नाही, माई! हॉलंडची जमीन समुद्राच्या खाली. जगभरचे आवाज वाहत येतात नि इथं साचतात!"

बेस्ट काही समुद्राखाली नाही. पण जमलेले, कॉम्प्युटरच्या चिपांची मशिनं बनवणारे इंजिनियर माना डोलवत होते.

माई म्हणजे शैलेंद्रची आई, वसुधा. तिचे मनोहरपंत साठ सालाच्या सुमाराला पुण्याच्या रेडिओवर निवेदक होते. दुपारी बायकांचा कार्यक्रम, संध्याकाळी सगळ्या घरासाठी श्रुतिका. त्यांना जाऊन नऊ वर्षं झालेली.

वसुधाचं परतीचं विमान शुक्रवारी होतं. बाळाला सांभाळायला तिनं थांबावं म्हणून शैलेंद्र मागं लागलेला. व्हिसाच्या मुदतवाढीचा फॉर्म महिनाभर टेबलावर पडून. तिचं आपलं एकच, "मला माझ्या घरी जायचंय."

प्रतापजींनी बटण फिरवलं. रेडिओ लगेच बोलला, "नमस्कार मंडळी! आता कुठंही जाऊ नका. इथंच थांबा."

हुबेहूब मनोहरपंत! वसुधाच्या हातातली प्रसादाची वाटी खाली पडली.

"आज्ञा झाली, माई!"

"आई, आता तरी सही कर," शैलेंद्रनं फॉर्म नि पेन पुढं केलं.

डोळे पुसत तिनं टोपण काढलं. आणि हात थांबला.

लगेच कसा बोलला? घरी बटण फिरवून ती पिठल्याला फोडणी द्यायला जायची. फोडणी तडतडली, की आतले व्हॉल्व्ह तापून मग कुठं ह्यांचा आवाज यायचा.

ती उठली आणि रेडिओच्या पाठीला हात लावला.

"माई, नाद भंगेल!"

"भंगू दे. आमच्या रेडिओवर मांजर शेकत बसायचं. हा एवढं बोलला, तरी फ्रीजसारखा गार!"

तिनं मागचा पुठ्ठा ओढला. आत एकही व्हॉल्व्ह नाही. उजेडापुरता दिवा, नि काडेपेटीएवढा गाणी वाजवायचा प्लेअर, चिकटपट्टीनं डकवून स्पीकरला जोडलेला.

इंजिनियरांना एकदम चपला आठवल्या. प्रतापजींना तर मोजेसुद्धा सापडेनात.

वसुधानं त्यांच्याकडं पाहिलंच नाही. हा आवाज मागाहून उतरवून घेतलेल्या एकाच कॅसेटवर होता, नि ती कॅसेट मे महिन्यात शैलेंद्रनं पुण्याहून नेली होती. "खराब होईल आई, कॉम्प्युटरवर उतरवून देतो."

"शैलू, त्यापुढं काय म्हणायचे रे तुझे बाबा?"

तो वाकून सांडलेला प्रसाद गोळा करू लागला.

"'श्रुतिका सुरू होत आहे.' तेवढं कापलंस."

"तू थांबावंस म्हणून केलं, आई..."

"मग तुझ्या आवाजात सांगायचंस."

शैलेंद्र ढसाढसा रडला, पाया पडला. शुक्रवारी ती कॅसेट घेऊन विमानात बसली.

तेव्हा बाबांनो, आवाज कितीही जिवाभावाचा असो, आधी मागं जाऊन हात लावून बघा. प्रश्न विचारल्यानं गेलेल्या माणसावरची माया कमी होत नाही. न विचारल्यानं भोंदूचं मात्र फावतं.

आणि हो, कवळी जपायला हवी म्हणून सांगते. शैलेंद्र रडला, पाया पडला, तेवढं मी घातलं. खरं तर त्यानं फॉर्म उचलून परत टेबलावर ठेवला, नि तो आत निघून गेला.