शेवटचा परिच्छेद

टायपिंगवाल्या बाईंना एक खोड होती, आणि ती दुकानात सगळ्यांना ठाऊक होती. गिऱ्हाईक कागद देऊन जायचं, बाई टाइप करायला बसायच्या, आणि समोर असेल ते जसंच्या तसं उतरवणं काही त्यांच्याच्याने व्हायचं नाही. हात शिवशिवायचे. एखाद्या कारकुनाच्या निरोपसमारंभाचं पत्रक आलं आणि त्यात 'त्यांनी तीस वर्षे नोकरी केली' एवढंच असलं, की बाई त्याचं 'तीस वर्षे निष्ठेने सेवा बजावली' करून टाकत. 'दुकान उद्यापासून बंद' या पाटीवर 'आपल्या प्रेमाबद्दल आम्ही ऋणी आहोत' अशी एक ओळ आपसूक चढायची. विचारणं नाही, सांगणं नाही. गिऱ्हाईक खूश, मालक खूश, आणि बाईंची कॉलर ताठ. एकदा एका शिंप्याने तेवढी तक्रार केली होती, की अहो, मी एवढं गोड बोलणारा माणूस नाही, लोक फसतील ना. त्यावर सगळे पोट धरून हसले आणि शिंपीही हसत हसत पैसे देऊन गेला.

आता दुसऱ्याच्या पत्रकात लुडबुड करणं वेगळं आणि पोटच्या पोरीच्या गोष्टीत करणं वेगळं. पण हात एकदा सवयीचे झाले, की त्यांना हा फरक कोण समजावणार?

बाईंची मुलगी आठवीत होती. घरात तिला मुंगी म्हणत, कारण लहानपणी ती सदानकदा काहीतरी उचलून कुठेतरी नेत असायची. बाप परगावी नोकरीला, महिन्या-दोन महिन्यांनी घरी यायचा, त्यामुळे घरात या दोघीच. मुंगी फारशी बोलायची नाही. पण शहरातल्या वाचनालयाने शाळांसाठी कथालेखनाची स्पर्धा जाहीर केली, पाचवी ते सातवीचा एक गट आणि आठवी ते दहावीचा दुसरा, तेव्हा ही पोरगी आठवडाभर पेन्सिल चघळत बसली आणि तिने चार पानं लिहून काढली. बक्षीस मिळालेल्या गोष्टी छापून येणार होत्या, आणि गोष्ट टाइप करूनच पाठवायची, असा नियम होता. हस्ताक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून.

"जसं आहे तसंच टाइप कर हं," मुंगीने बजावलं. "स्वल्पविरामसुद्धा माझे."

"हो गं बाई," बाई म्हणाल्या. "तुझे स्वल्पविराम काय मी खाणार आहे?"

दुपारी दुकानात जरा निवांत होतं तेव्हा त्यांनी पानं समोर ठेवली. एरवी त्यांचं मन एकीकडे आणि बोटं दुसरीकडे, पण आज त्या वाचत वाचत टाइप करत होत्या. गोष्टीतली मुलगी शाळेतून येऊन खिडकीत बसते. तिची जिवलग मैत्रीण शाळा सोडून गेलेली असते. हे आईला सांगायचं, म्हणून ती मनात सगळं जुळवते: आधी हे सांगायचं, मग ते, मग रडू आलं तर येऊ द्यायचं. पण आईला उशीर होतो. मुलगी थोडं गाळते. आणखी उशीर होतो, आणखी थोडं गाळते. बाईंना कौतुकाने भरून आलं. काय लिहिते ही कार्टी! मालकांना हाक मारून दाखवावं असंही एकदा वाटलं.

मग शेवट आला. आई घरी येते, पिशवी ठेवते आणि विचारते, काय गं, काय म्हणते शाळा? मुलगी म्हणते, काही नाही. आणि आई म्हणते, बरं झालं, आज मी फार दमलेय.

संपली गोष्ट.

बाईंची बोटं थांबली. दोन वेण्या घालणारी, खो खो हसणारी ती मुंगीची मैत्रीण सुट्टीच्या दिवशी हमखास घरी यायची. ती शेवटची कधी आली होती, ते बाईंना काही केल्या आठवेना. म्हणजे हे खरं होतं की काय? संध्याकाळी घरी गेल्यावर पहिलं हेच विचारायचं, असं त्यांनी ठरवलं. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा विचार आला, आणि तो जास्त झोंबला: परीक्षक हे वाचणार. वर्गातले वाचतील, मॅडम वाचतील. म्हणतील, ही कसली आई!

खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना मुलीपेक्षा स्वतःची लाज जास्त वाटली. त्यांनी शेवटच्या चार ओळी पुसल्या आणि लिहिलं: 'आईने धावत येऊन तिला हृदयाशी कवटाळले. मायेच्या त्या उबेत तिचे सारे दुःख कापरासारखे उडून गेले. खरोखर, आईच्या ममतेला जगात तोड नाही.' वाचून पाहिलं. छान वाटलं. लगेच पाठवूनही दिलं, पुन्हा विचार करायला नको म्हणून.

त्या संध्याकाळी नेमकं कुणाचं तरी तातडीचं काम आलं. बाई घरी पोचल्या तेव्हा मुंगी जेवून अभ्यासाला बसली होती. "पाठवलंस?" तिने विचारलं. "पाठवलं," बाई म्हणाल्या. विचारायचं ते उद्यावर गेलं, आणि मग राहूनच गेलं.

निकाल लागला त्या दिवशी मुंगी शाळेतून तडक दुकानात आली. चेहरा लालबुंद. बाईंना वाटलं, ताप आला की काय.

"माझी गोष्ट बाद केली," ती म्हणाली. "मॅडमनी मला बोलावून सांगितलं. परीक्षकांचा फोन आला होता. गोष्ट पहिल्या तिनात होती म्हणे. पण शेवट कुणा मोठ्या माणसाने लिहून दिलाय, म्हणून बाहेर काढली. मॅडम माझ्याकडे अशा बघत होत्या ना, आई. मी त्यांना सांगितलं, माझ्या आईनेच टाइप केलंय, ती सांगेल तुम्हाला. तू चल आत्ता. वाचनालयात बसतात ते."

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. "अगं, राहू दे ना. पुढच्या वर्षी..."

"पुढच्या वर्षी काय? मी चोर म्हणून जाऊ तिथे?"

मालकांनी चष्म्यावरून पाहिलं. "जा हो बाई," ते म्हणाले. "पोरीच्या अब्रूचा प्रश्न आहे. कामाचं मी बघतो."

वाटेत बाईंनी तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा मिटलं. मुंगी भराभर पुढे चालत होती, मध्येच मागे वळून 'चल ना' म्हणत होती. तिला जराही शंका नव्हती. हेच बाईंना सोसवेना. पोरीने संशय घेतला असता, भांडली असती, तर त्या रागाच्या भरात सांगून मोकळ्या झाल्या असत्या.

वाचनालयाच्या माडीवर मुलांच्या विभागात परीक्षक बसले होते. निवृत्त मुख्याध्यापक, किडकिडीत, लहान मुलांच्या खुर्चीत गुडघे वर करून बसलेले. बाईंनी त्यांना मनातल्या मनात वाईट ठरवायचा फार प्रयत्न केला, पण गृहस्थ भला होता. त्यांनी मुंगीचं सगळं बोलणं न तोडता ऐकून घेतलं.

"बेटा, शेवट सोडला तर गोष्ट तुझीच आहे यात मला शंकाच नाही," ते म्हणाले. "पण शेवटाला आवाजच बदलतो. इतकी वर्षं वह्या तपासल्या मी. आठवीतली मुलगी असं लिहीत नाही. असं मोठी माणसं लिहितात, आणि मुलांनी असं लिहावं असं त्यांना वाटतं."

"पण मीच लिहिलंय," मुंगी म्हणाली. "आई, सांग ना."

मुख्याध्यापक बाईंकडे वळले. "टाइप तुम्ही केलंत?"

"हो."

"मुलीने दिलं तसंच? हे बघा, तुम्ही आई आहात. तुम्ही हो म्हणालात तर मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवीन. बक्षिसं अजून वाटलेली नाहीत. निकाल बदलता येईल."

झालं. आता नुसती मान हलवायची होती. पोरीला बक्षीस मिळालं असतं, मॅडमसमोर तिची मान वर झाली असती. बाईंनी मुंगीकडे पाहिलं. ती पुढे वाकून, ओठ घट्ट मिटून, आईच्या 'हो'ची वाट बघत होती.

"नाही," बाई म्हणाल्या. "शेवट मी बदलला. तिला माहीत नाही. तिने वाचलेलंसुद्धा नाही."

मुख्याध्यापकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग मुंगीला विचारलं, "तुझा शेवट काय होता?"

तिने खाली बघत सांगितला. पाठच होता.

"हा असता तर..." मुख्याध्यापक म्हणाले आणि पुढचं गिळलं. "नियम मोडता येत नाही गं. पण तू चोर नाहीस, हे मी मॅडमना आजच कळवतो. आणि लिहीत जा."

दोघी जिना उतरून रस्त्यावर आल्या. आता ही तोंड सोडणार, या तयारीने बाई चालत होत्या. बक्षीस घालवलंस, सगळ्यांसमोर हसं केलंस, काय हवं ते बोलू दे. त्यांनीच सुरुवात केली. "चुकले मी. ते वाचून मला लागलं गं. लोक काय म्हणतील असं वाटलं."

मुंगी म्हणाली, "म्हणजे तू वाचलं होतंस."

"हो."

"मला वाटलं, नाही वाचलंस. तूच म्हणतेस ना, टाइप करताना डोक्यात काही जात नाही, नुसती बोटं चालतात. म्हणून मी म्हटलं, बक्षीस मिळालं की गोष्ट छापून येईल, मग तू नीट वाचशील. आणि मग विचारशील." ती थांबली. "पण तुला तेव्हाच कळलं होतं."

बाईंनी विचारलं, "कुठे गेली ती?"

"तिच्या बाबांची बदली झाली," मुंगी म्हणाली. "जायच्या आधी मला भेटलीसुद्धा नाही, आई. एक दिवस बाकावर तिचं दप्तरच नव्हतं."

भर रस्त्यात, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, बाईंना रडू फुटलं. मुंगी त्यांचा हात धरून बाजूला उभी राहिली. ती रडली नाही. तिचं रडून कधीच झालं होतं.